आवाज कमी करून द्यावा

दुसऱ्याच्या वस्तूला हात लावण्याआधी विचारावं, हे माणसाला कुठल्या वयात शिकवायचं असतं? पाचव्या वर्षी शिकवतात. मास्तर एकसष्ट वर्षांचे होते, क्लॅरिनेट वाजवत होते, स्वतःचा बँड चालवत होते, आणि तरी त्यांनी हात लावला. तोही मालकीण डोळ्याचं ऑपरेशन करून घरी पडलेली असताना.

मालकीण म्हणजे गिटारताई. हे नाव तिला बँडमध्ये पडलं आणि हळूहळू गल्लीनेही तेच उचललं. दिवसा ती दातांच्या दवाखान्यात पुढच्या टेबलावर बसायची. आत यंत्र किरकिरत असायचं, बाहेर माणसं गाल धरून बसलेली असायची, आणि घाबरलेल्याला आणखी घाबरवायचं नाही हे ताईचं काम. त्यामुळे आठवड्याचे सगळे दिवस ती हळू बोलायची. शनिवारी संध्याकाळी सहा ते नऊ मात्र हॉलमध्ये नाचाचा कार्यक्रम असे, आणि त्या तीन तासांत ती मोकळी व्हायची. बावीस वर्षं हे चाललं होतं.

गिटार हे तिचं निम्मं वाद्य. उरलेलं निम्मं म्हणजे तिचा ॲम्प, गिटारचा आवाज मोठा करणारं खोकं, जुन्या धाटणीचा, आत काचेचे व्हॉल्व्ह असलेला, उचलताना दोन माणसांची कंबर मोडणारा. म्हणून तो हॉलच्या मागच्या खोलीतच राहायचा. त्याच्या आवाजाच्या बटणावर एक ते दहा आकडे होते. तीनवर ठेवलं तर गिटार सभ्यपणे वाजायची, स्वच्छ आणि अळणी. सहावर नेलं की व्हॉल्व्ह जिवाच्या कराराने कामाला लागायचे आणि सुराला एक खरखरीत ऊब यायची, गाता गाता गळा भरून आल्यावर येते तशी. पाचवर ती येत नसे, सातवर तिचा कालवा होई. सहाची ही जागा ताईने पहिल्याच वर्षी तीन महिने खपून शोधली होती आणि गायिकेच्या पर्समधलं नेलपॉलिश मागून तिथे एक लाल ठिपका देऊन ठेवला होता.

मंगळवारी ती काळा चष्मा लावून सरावाला आली, ॲम्प सुरू केला, व्हॉल्व्ह तापू दिले आणि बटण फिरवायला वाकली. ठिपका दिसेना. तिला वाटलं, डोळा अजून नीट झाला नाही. बोटाने चाचपून, आकडे जवळून वाचून तिने बटण सहावर आणलं आणि तार छेडली.

उशीत तोंड खुपसून कुणीतरी बोलावं तसा सूर निघाला.

तिने पुन्हा छेडली. तार बदलून पाहिली, वायर बदलून पाहिली, बटण आठवर नेलं, दहावर नेलं. दहावरही तोच मुका, पाणचट सूर. डोळा गेला होता, आता कानही गेला की काय? की हातच गेला? बावन्नाव्या वर्षी माणूस आधी स्वतःवरच संशय घेतो. इतका वेळ ताई मुकाट्याने स्वतःची बोटं तपासत होती, आणि ज्याने हे केलं तो चार पावलांवर क्लॅरिनेट पुसत उभा होता.

"कसा वाटतोय?" मास्तरांनी विचारलं. "आवाज कमी करून आणलाय."

"काय करून आणलाय?"

"तुम्ही आजारी होतात. म्हटलं, उगाच तुम्हाला त्रास कशाला? रेडिओवाल्याकडे पाठवला. दोन दिवसांत करून दिला त्याने. पुसूनसुद्धा दिला."

म्हणजे ठिपकाही गेला होता.

आता मास्तरांची बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर लोक म्हणतील एकतर्फी आहे. दोन महिन्यांपूर्वी हॉलला नवीन मॅनेजर आला होता. त्याने भिंतीवर एक डबी बसवली होती, हिरवा, पिवळा आणि लाल असे तीन दिवे असलेली. आवाज वाढला की दिवा बदलायचा, आणि लाल दिवा सलग पाच सेकंद टिकला की स्टेजची वीज आपोआप बंद. असं दोनदा झालं. नाचणारी जोडपी पाय उचललेला तसाच धरून उभी राहिली. दुसऱ्यांदा झालं तेव्हा मॅनेजरने मास्तरांना बजावलं, येत्या शनिवारी लाल दिवा लागला तर पुढच्या शनिवारपासून गिटार बंद.

गिटारच का? दोन्ही वेळा लाल दिवा लागला तेव्हा धडाका झांजांवर तुटून पडला होता. धडाका म्हणजे बँडचा ड्रमवाला आणि मास्तरांचा सख्खा मेहुणा. त्याला कोण बोलणार? शिवाय झांजेवर आकडे नसतात. ॲम्पवर असतात, आणि बटण सहावर आहे हे लांबून कुणालाही दिसतं. चोर सोडून संन्याशाला फाशी देतात, त्याचं कारण बहुतेक वेळा एवढंच असतं की संन्यासी ओळखू येतो.

खोटं का बोला, ॲम्पही मोठ्यानेच वाजायचा. पहिल्या रांगेतल्या म्हाताऱ्यांना एकमेकांचं बोलणं ऐकू येत नाही, हे ताईला ठाऊक होतं. तिने ॲम्प भिंतीकडे तोंड करून ठेवून पाहिला होता, त्यावर गोधडी टाकून पाहिली होती, बटण चारवर ठेवून एक अख्खा शनिवार दात-ओठ खात वाजवलं होतं. उपाय शोधते, थोडी मुदत द्या, असं तिने मास्तरांना सांगितलं होतं. मास्तर "बरं" म्हणाले होते.

"मास्तर, माझी वस्तू मला न विचारता दिलीत?"

"अहो, आवाजच तर कमी केलाय! गिटार कुठे काढून घेतली?"

"आवाज म्हणजे काय?"

"आवाज म्हणजे आवाज."

"तुमच्या क्लॅरिनेटचा आवाज गोड आहे असं लोक म्हणतात, ते काय त्या डबीवर मोजून म्हणतात?"

"ताई, आता ह्या वयात शब्दांचा कीस पाडायला लावू नका मला."

"आणि मी मुदत मागितली होती, त्याचं काय?"

मास्तरांनी क्लॅरिनेटमध्ये फुंकर घातली. धडाका खाली बघत खुर्चीचा स्क्रू पिळत बसला. गायिका, जिच्या नेलपॉलिशचा तो ठिपका होता, ती पाणी प्यायला गेली. बावीस वर्षांत या लोकांची लग्नं, बारशी, दुखणी, सगळ्यांत ताई वाजवून आली होती, धावून गेली होती. त्यातल्या एकालाही आज तोंड नव्हतं. तिला रडू आलं असतं, पण डॉक्टरांनी डोळ्याला पाणी लावू नका म्हणून सांगितलं होतं.

बुधवारी दवाखाना सुटल्यावर ती रेडिओवाल्याच्या दुकानात गेली. दुकान कसलं, बोळच तो, दोन्ही भिंतींना उघडी यंत्रं टेकवलेली. रेडिओवाल्याने तिला पाहून कौतुकाच्या अपेक्षेने स्टूल पुढे केलं.

"कसा शिस्तीत आला की नाही?"

"काय केलंत तुम्ही त्याला?"

"काही नाही हो. जिथे गिटारची वायर खुपसतात ना, तिथेच आत एक रेझिस्टर टाकला. तोंडाशीच अडवायचं. आता कितीही फिरवा, वर जायची टाप नाही. आणि बटणाशी लाल डाग पडला होता, तो थिनरने काढला. निघत नव्हता. खूप घासावा लागला."

ताईने स्टुलाचा काठ धरला. दातांच्या दवाखान्यातला सगळा सराव पणाला लावून ती हळू आवाजात म्हणाली, "काढा तो रेझिस्टर."

"असं कसं काढू? चिठ्ठी आहे." त्याने तारेला टोचलेल्या कागदांतून एक काढून पुढे धरला. मास्तरांचं अक्षर तिने लगेच ओळखलं. *या ॲम्पचा आवाज कमी करून द्यावा. कायमचा.* खाली झोकदार सही.

"चिठ्ठीत काय लिहिलंय, आवाज कमी. केला. आता तुम्ही म्हणता काढा. उद्या मास्तर येऊन मला बोलतील. तुम्ही त्यांच्याकडून तसं लिहून आणा."

"ॲम्प माझा आहे."

"असेल हो. पण आणून दिला त्यांनी."

बघा म्हणजे! घर माझं, किल्ली माझी, आणि दार उघडायला शेजाऱ्याची सही आणा. तो माणूस काही दुष्ट नव्हता. उलट इमानदारच होता, चिठ्ठीबरहुकूम चालणारा. पण अशा इमानदारीने माणसाच्या अंगाचा जेवढा तिळपापड होतो, तेवढा लबाडीने होत नाही. ताईने चिठ्ठी घडी घालून पर्समध्ये टाकली.

"अहो, ती माझी चिठ्ठी आहे," रेडिओवाला म्हणाला.

"आणून दिली त्यांनी, पण आहे माझ्याबद्दलची," ताई म्हणाली आणि बाहेर पडली. "कायमचा" हा शब्द घरापर्यंत तिच्या पायात येत राहिला. आवाज कमी करून द्यावा, इथवर एक वेळ समजू शकलं असतं. कायमचा कुणी सांगितलं होतं? मॅनेजरनेही नाही.

घरी पोचल्या पोचल्या तिने नणंदेला फोन केला. नणंद कॉलेजच्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत तीस वर्षं साहाय्यक होती. नव्या नव्या प्राध्यापकांना मीटर कसा लावायचा ते तीच शिकवायची आणि त्यांच्या तोंडावर हसायचीही. दुसऱ्या दिवशी दोघींनी तिच्या गाडीतून ॲम्प घरी आणला आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर पालथा घातला.

"वहिनी, गाढव आहे हा माणूस," आत डोकावून नणंद म्हणाली. "पण टाका सुंदर मारलाय."

"वन्सं, कौतुक नंतर करा. मला नीट सांगा, ह्याने बिघडलं काय?"

"सहावर तो तसा गातो तो कशामुळे? शेवटच्या मोठ्या व्हॉल्व्हवर जोर येतो म्हणून. ह्याने गिटार दारातच अडवली, आत नुसती कुजबुज सोडली. आता बटण दहावर ने नाहीतर वीसवर, व्हॉल्व्हला दम लागतच नाही. मग ते गातील कशाला? टाकीतच पाणी नाही आणि म्हणे नळाची धार बघा."

"आणि आवाज कमीही हवा असेल तर?"

"तर आत सोडायचं सगळं. व्हॉल्व्हना हवं तेवढं ओरडू दे. ते ओरडून झालं की, तिथून स्पीकरपर्यंत जाता जाता मधल्या वाटेत जास्तीचं काढून घ्यायचं. सूर बनून झालेला असतो, फक्त थोडा पुढे जातो."

"मग जे काढून घेतलं ते जातं कुठे?"

"जातं कुठे! गरम होतं. तिथे जाड रेझिस्टर बसवायचे, ते तापतात."

ताईने जरा विचार केला. "म्हणजे मी चिडायचं पूर्ण, आणि ताप डब्याला."

"आमच्या घरी आल्यापासून तू ते जमवलंयसच की," नणंद म्हणाली आणि डबा शोधायला उठली. ताईच्या नवऱ्याचा खिळे-मोळे ठेवायचा पत्र्याचा डबा तिने ओट्यावर सरळ उपडा केला. "भावाला सांगू नकोस. विचारलं तर म्हण, वन्संनी हात लावला."

"वन्संनी विचारलं नाही, असं म्हणेन."

"ते तर लहानपणापासून माहीत आहे त्याला."

शुक्रवार संध्याकाळपर्यंत डबा तयार झाला. त्याला हवेसाठी भोकं पाडली होती, आत हाताच्या बोटाएवढे पांढरे रेझिस्टर ॲल्युमिनियमच्या पट्टीवर बसवले होते, आणि वर चार टप्प्यांचं बटण. नणंदेने दोन गोष्टी बजावल्या. एक, स्पीकरची वायर सुटलेली असताना ॲम्प चालवायचा नाही, नाहीतर आतला ट्रान्सफॉर्मर जळेल. दोन, डब्याला हात लावायचा नाही. मग रेडिओवाल्याचा रेझिस्टर तिने चिमट्याने उपटून ताईच्या हातावर ठेवला. तांदळाच्या दाण्याहून थोडासा मोठा. एवढ्याशा वस्तूने बावीस वर्षांचा गळा दाबला होता.

चौथ्या टप्प्यावर आवाज फारच लांबून आल्यासारखा आणि जरा मंद वाटला. दुसऱ्यावर शेजारच्या बाईने खिडकी लावली. तिसऱ्यावर ताईने ॲम्पचं बटण हळूहळू वर नेलं, चार, पाच, आणि डोळे मिटले. बोटांना कळलं, कुठे थांबायचं. तीच ऊब, तीच खरखर, आणि शेगडीवर उकळणाऱ्या पाण्याचा आवाजही त्यासोबत ऐकू येत होता. ताईने डोळे उघडले नाहीत. डॉक्टरांचं सांगणं तिने त्या दिवशी मोडलं.

"नेलपॉलिश आहे का तुमच्याकडे?" गाल पुसत तिने विचारलं.

"माझ्याकडे जांभळं आहे."

"चालेल."

शनिवारी हॉल भरलेला होता. मॅनेजर भिंतीवरच्या डबीखाली हाताची घडी घालून उभा होता, जणू दिवा तोच लावणार होता. ताईने डबा ॲम्पच्या मागे ठेवला, बटण जांभळ्या ठिपक्यावर नेलं आणि कुणाशी एक शब्द न बोलता सुरुवात केली. डबा गरम होणार हे पक्कं होतं, पण दिवा?

पहिलं गाणं हिरव्यात गेलं. दुसरंही. तिसऱ्यात तिने एकटीने वाजवायची जागा होती. तिथे ती बावीस वर्षं जशी वाजवायची तसंच तिने वाजवलं, कणभरही हातचं न राखता. दिवा हिरवा. पहिल्या रांगेतल्या एका म्हाताऱ्याने बायकोच्या कानाशी काहीतरी सांगितलं, आणि बायकोला ते ऐकू आलं, ती हसली. गायिकेने मान वळवून ताईकडे पाहिलं. मग धडाक्याने झांजा घेतल्या आणि दिवा खाडकन लाल झाला.

अख्ख्या स्टेजने ड्रमकडे पाहिलं. मॅनेजरने पाहिलं. मास्तरांनाही पाहावंच लागलं, कारण गिटार त्या वेळी गप्प होती. एक, दोन, तीन. धडाक्याने दोन्ही हातांनी झांजा दाबून धरल्या आणि दिवा पिवळ्यावर उतरला. त्यानंतर मध्यंतरापर्यंत तो अशा काही हळुवारपणे वाजवत होता की त्याचं त्यालाच नवल वाटत असावं.

मध्यंतरात मॅनेजर हसत स्टेजवर आला. "तर गिटार राहू दे, माझी काही हरकत नाही. बघा, आवाज कमी केल्यावर किती गोड वाटतंय! मास्तरांनी केलं ते बरं केलं."

"मास्तरांनी केलेलं मी काढून टाकलं," ताई म्हणाली. "आणि आवाज कमी केलेला नाही. बटण सहावर आहे, बघा. आवाज होता तेवढाच आहे. तुमच्यापर्यंत कमी सोडतेय, एवढंच."

मॅनेजरने बटण पाहिलं, दिवा पाहिला आणि चहा प्यायला गेला. मास्तर मात्र ॲम्पच्या मागे गेले. "हे काय नवीन?" म्हणत त्यांनी डब्यावर हात ठेवला.

"स्स्!" हात झटकून मास्तरांनी बोटं तोंडात घातली.

सांगितलं ना, पाचव्या वर्षी शिकवतात. त्या वर्षी राहून गेलं तर पुढे असं शिकावं लागतं.

ताईने पर्समधली चिठ्ठी काढून त्यांच्यासमोर उलगडून धरली. "आवाज कमी करून द्यावा, हे मॅनेजरच्या धाकाने लिहिलंत, समजू शकते. कायमचा, हे कुणाच्या धाकाने लिहिलंत?"

मास्तरांनी चिठ्ठी वाचली. स्वतःच लिहिलेली होती, तरी वाचायला वेळ लागला. धडाका या खेपेला खाली बघत बसला नाही. गायिकाही तिथेच उभी राहिली.

"चुकलं माझं," मास्तर चिठ्ठीकडे बघत पुटपुटले. "विचारायला हवं होतं."

ताईने गिटारची एक तार उगाचच जुळवली. दवाखान्यात बोलायची तितक्याच हळू आवाजात ती म्हणाली, "ऐकू नाही आलं, मास्तर. जरा आवाज वाढवा."

मास्तरांनी तिच्याकडे पाहिलं, मग मेहुण्याकडे, मग समोर खुर्च्यांवर परत येणाऱ्या माणसांकडे. शेवटी ते माइकपाशी गेले. "चुकलं माझं," ते म्हणाले. "ताईंना न विचारता त्यांच्या ॲम्पला हात लावला. तो त्यांचा होता."

समोरच्यांना काहीच कळलं नाही. काहींनी टाळ्याही वाजवल्या. भिंतीवरचा दिवा हिरव्याचा पिवळा झाला आणि पिवळाच राहिला. तेवढ्या आवाजाला परवानगी होती. ताईने चिठ्ठी घडी घालून पुन्हा पर्समध्ये ठेवली आणि गिटार गळ्यात अडकवली.